पेट्रोलचा हिशेब आपल्या वहीत

मैत्रिणींनो, घरातल्या दुधाचा हिशेब कोण ठेवतं? आपण. वाण्याची यादी कोण तपासतं? आपण. गॅसचं सिलिंडर कोणत्या तारखेला लावलं हे कॅलेंडरवर कोण लिहून ठेवतं? तेही आपणच. नेहमी चाळीस दिवस पुरणारं सिलिंडर बत्तीस दिवसांत संपलं, की आपल्या लगेच ध्यानात येतं. मग कारण शोधायचं, पाहुणे जास्त आले होते का, बर्नर साफ करायचा राहिला का, की शेगडीची नळी कुठे गळते आहे?

पण दारात उभी असलेली गाडी महिन्याला किती पेट्रोल पिते, असं विचारलं तर आपल्यापैकी बहुतेकजणी म्हणतील, "ते यांना माहीत!" आणि 'यांना' विचारावं तर उत्तर येतं, "देते की पंधरा-सोळाचं ॲव्हरेज." हा आकडा कुठून आला, कधी मोजला, ते मात्र कुणी सांगत नाही.

गाडी हे पुरुषांचं खातं, असं आपल्याकडे न बोलताच ठरून गेलेलं आहे. पेट्रोल महागलं की कात्री मात्र आपल्या खात्याला लागते. भिशीचे पैसे पुढच्या महिन्यावर जातात, मुलीचा चित्रकलेचा क्लास "बघू पुढच्या वर्षी" होतो, दिवाळीच्या पडद्यांचं कापड राहून जातं. म्हणून मला वाटतं, ज्या खर्चाची झळ आपल्याला लागते, त्याचा हिशेबही आपल्या वहीत असायला हवा. त्यासाठी इंजिन उघडता यायची गरज नाही. गाडी चालवता येत नसली तरीही चालेल. भागाकार आला म्हणजे पुरे.

मी राहते ते रोहणा हे वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं, आर्वी-पुलगाव रस्त्यावरचं गाव. एके काळी या भागातून पुलगाव-आर्वी अशी छोटी रेल्वेगाडी धावायची, ती बंद पडली. आता दवाखाना म्हणा, लग्नाचा बस्ता म्हणा, कॉलेजची ॲडमिशन म्हणा, आर्वी, पुलगाव नाहीतर वर्धा गाठावीच लागते. शहरात तुमचं घर ते शाळा, शाळा ते बाजार चालतं, आमचं गाव ते गाव. तेव्हा एकेका लिटरात किती अंतर कापलं जातं, हा प्रश्न दोघींच्याही घरचा आहे.

आधी वही, मग उपाय

कुठलाही उपाय करण्याआधी आपली गाडी आज काय देते ते कळायला हवं. त्याची रीत अगदी सोपी आहे.

पंपावर टाकी पूर्ण भरून घ्या. नळी आपोआप बंद होते तिथेच थांबायचं, वरून आणखी थेंब थेंब ओतू द्यायचं नाही. गाडीच्या मीटरवरचे किलोमीटर वहीत लिहा. समजा ४१,२५० आहेत. मग नेहमीसारखी गाडी वापरा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, पुन्हा नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा. समजा आता मीटरवर ४१,६८२ आहेत आणि टाकीत २७ लिटर पेट्रोल गेलं. म्हणजे ४३२ किलोमीटरला २७ लिटर. भागाकार केला की आलं, लिटरला १६ किलोमीटर.

एकदा मोजून भागत नाही. तीन-चार वेळा मोजलंत की तुमच्या गाडीचा खरा आकडा हाती येतो. नव्या गाड्यांत समोरच्या पडद्यावर ॲव्हरेज दिसतं. ते रोज बघायला सोयीचं आहे, पण खात्री वहीचीच धरावी. वहीत तारीख, किलोमीटर, लिटर आणि रुपये असे चार रकाने हवेत. पाचवा रकाना 'विशेष' म्हणून ठेवा. "लग्नाला पाच माणसं आणि सामान", "ए.सी. रोज", "टायरमध्ये हवा भरली", असं दोन शब्दांत लिहायचं. आकडा का खाली आला आणि का वर गेला, ते या रकान्यातूनच कळतं.

आता रुपयांचं बघू. हिशेबाला सोपं म्हणून पेट्रोल लिटरला शंभर रुपये धरू. महिन्याला ९०० किलोमीटर गाडी चालते आणि ती १५ चं ॲव्हरेज देते, म्हणजे ६० लिटर लागले. तीच गाडी १८ देऊ लागली तर ५० लिटर पुरतात. दहा लिटर वाचले, म्हणजे महिन्याला हजार रुपये आणि वर्षाला बारा हजार. कुठलाही नवा खर्च न करता ही रक्कम घरात राहते. मग सांगा, वही घालायला हरकत आहे?

जाहिरातीतला आकडा आणि आपला आकडा

काहीजणी म्हणतील, "अहो, गाडी घेताना तर बावीस-तेवीस सांगितलं होतं!" तो आकडा खोटा नसतो, पण तो आपल्या रस्त्यावरचाही नसतो. आपल्या पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' ही संस्था आहे. अशा मान्यताप्राप्त संस्थांमध्ये गाडी रुळांवर उभी करून, ठरावीक वेगाने, ठरावीक वेळ चालवून तपासतात. तिथे खड्डे नाहीत, गतिरोधक नाहीत, मध्येच आडवी येणारी म्हैस नाही, आणि वर्षानुवर्षं ही मोजणी ए.सी. बंद ठेवूनच होत आली. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगला. आपल्या संसाराला मात्र वहीतलाच आकडा लागू. जाहिरातीपेक्षा चार-पाच कमी निघाले म्हणून घाबरून जाऊ नका. आपलाच आकडा आपल्याच मागच्या आकड्याशी ताडून बघायचा.

बैलगाडीतून संसदेत

पेट्रोल जपून वापरायची गोष्ट काही आजची नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाचा पुरवठा आखडता घेतला. पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव १९७४ उजाडेपर्यंत अकरा-बारा डॉलरवर गेला. आपल्याकडेही पेट्रोल कडाडलं. त्याच नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी दरवाढीच्या निषेधासाठी बैलगाडीत बसून संसदेत गेले होते. पुढे १९७८ मध्ये 'पेट्रोलियम कन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन', म्हणजे पी.सी.आर.ए. ही सरकारी संस्था उभी राहिली. स्वयंपाकाचा गॅस आणि गाडीचं पेट्रोल कसं वाचवावं हे ती लोकांना सांगत आली आहे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गाच्या दारात गाडी दिसू लागली. आज गाड्या पुष्कळ झाल्या, पण कच्च्या तेलाची स्थिती तीच. आपल्याला लागणाऱ्या दर शंभर पिंपांतली पंच्याऐंशीहून अधिक बाहेरून विकत आणावी लागतात.

गंमत अशी, की बैलगाडीवाल्याला जे शहाणपण होतं तेच गाडीला लागू पडतं. आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. जाणता शेतकरी बंडी सुटल्या सुटल्या बैलांना पळवत नाही. चढ दिसला की आधीच थोडा वेग घेतो. उतारावर कासरा धरून ठेवतो. आसाला वंगण असल्याशिवाय बंडी जुंपत नाही आणि गरजेपेक्षा जास्त ओझं घालत नाही. मोटारीच्या बचतीचे जवळजवळ सगळे नियम यात आले!

पाय हलका, नजर लांब

सर्वांत मोठी बचत चालवणाऱ्याच्या उजव्या पायात असते. झटक्याने ॲक्सिलरेटर दाबायचा, पन्नास पावलांवर गतिरोधक आला की कचकन ब्रेक मारायचा, पुन्हा झटक्याने सुटायचं. ब्रेक मारतो तेव्हा काय होतं? पेट्रोल जाळून जो वेग मिळवला, तो ब्रेकच्या घर्षणात उष्णता होऊन वाया जातो. म्हणजे पैसे देऊन घेतलेली वस्तू दोन मिनिटांत उकिरड्यावर टाकायची.

म्हणून नजर लांब ठेवावी. पुढे सिग्नल लाल दिसतो आहे, फाटक बंद होतं आहे, ट्रॅक्टर वळतो आहे, तर आधीच पाय काढून घ्यावा आणि गाडी गिअरमध्येच हळूहळू येऊ द्यावी. इंजेक्शन पद्धतीच्या आजच्या गाड्यांत, गाडी गिअरमध्ये पळत असताना पाय काढला की इंजिन पेट्रोल घेणं जवळपास थांबवतं. म्हणूनच उतारावर न्यूट्रल करणं चूक. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यापुरतं पेट्रोल जळत राहतं, आणि वर गाडीवरचा इंजिनाचा आवरही सुटतो. बचत नाही ती नाहीच, शिवाय जिवाला धोका.

गिअर वेळेवर वरचा टाकावा. इंजिन ओरडायला लागेपर्यंत दुसऱ्या गिअरवर ताणत नेऊ नये, तसंच चौथ्या-पाचव्यात गाडी गचके देत रेटूही नये. क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय पुष्कळांना असते. त्याने पेट्रोलही जातं आणि क्लचप्लेटही झिजते.

वेग आणि नऊ मिनिटं

आता नाजूक विषय. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला. आमच्या वर्धा जिल्ह्यातून तो जातो. मोटारींना तिथे ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. झालं, घरोघरी "परवानगी आहे ना!" सुरू झालं.

परवानगी आहे, पण हवा काही परवानगी बघत नाही. गाडी पुढे जाते तेव्हा तिला समोरची हवा ढकलत जावं लागतं. वेग दुप्पट झाला तर हवेचा विरोध दुप्पट होत नाही, चौपट होतो. ८० वरून १२० वर गेलात, तर हवेचा विरोध सव्वादोनपट झाला. तो सगळा पेट्रोलच्या जोरावर कापायचा. पी.सी.आर.ए. वर्षानुवर्षं सांगत आली आहे, की ताशी ८० ऐवजी ४५ ते ५५ च्या वेगाने चालवलं तर चाळीस टक्क्यांपर्यंत जास्त अंतर कापता येतं. आजच्या गाड्यांचा आकार आणि गिअर सुधारले आहेत, त्यामुळे वरच्या गिअरमध्ये ५० ते ८० या पट्ट्यात बहुतेक लहान गाड्या खूश असतात. त्यापुढे मात्र प्रत्येक दहा किलोमीटरला खिसा हलका होत जातो.

बरं, वेळ किती वाचतो? साठ किलोमीटरचं अंतर घ्या. ८० च्या वेगाने पंचेचाळीस मिनिटं लागतात, १०० च्या वेगाने छत्तीस. म्हणजे नऊ मिनिटं. घरून निघताना कुलूप लावलं का, डबा घेतला का, यातच आपले नऊ मिनिटं जातात! तेवढी नऊ मिनिटं आधी निघालं तर पेट्रोल वाचतं आणि मागे बसलेली लेकरंही सुखरूप पोचतात. मोठ्या रस्त्यावर सावकाश जायचं तर डावी लेन धरायची, एवढं मात्र सांभाळावं.

किती पौंड हवा?

टायरची हवा हे सगळ्यांत स्वस्त औषध. हवा कमी असली की टायर रस्त्यावर पसरतो आणि इंजिनाला गाडी ओढायला जास्त जोर लागतो. ओल्या रेतीतून सायकल रेटून बघा, तसंच. पी.सी.आर.ए.च्या सांगण्याप्रमाणे टायरमधली हवा पाव हिश्शाने घटली तर पेट्रोल पाच ते दहा टक्के जास्त लागतं आणि टायरचं आयुष्य पाव हिश्शाने घटतं. पंक्चर नसतानाही टायरमधून महिन्याला एक-दोन पौंड हवा आपोआप निघून जाते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

पंपावरचा मुलगा विचारतो, "किती पौंड भरू?" आणि आपण म्हणतो, "भर, तीस-पस्तीस." असं अंदाजपंचे करू नये. चालकाचं दार उघडलं की चौकटीवर एक छोटं लेबल चिकटवलेलं असतं. पुढच्या चाकात किती, मागच्या चाकात किती, गाडी माणसांनी भरलेली असताना किती, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या. दर पंधरा दिवसांनी, गाडी फार पळालेली नसताना, म्हणजे टायर थंड असताना हवा बघावी. स्टेपनीलाही विसरू नये. उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटच्या रस्त्यावर कमी हवेचा टायर जास्त गरम होऊन फुटू शकतो. म्हणजे इथेही बचत आणि जिवाची काळजी हातात हात घालून चालतात.

डिकी म्हणजे माळा नव्हे

एक दिवस गाडीची डिकी उघडून बघा. मागच्या सहलीची सतरंजी, दोन पाण्याचे कॅन, कधीतरी दळायला न्यायचं म्हणून ठेवलेलं गव्हाचं पोतं, वापरात नसलेली बॅट. पन्नास किलो ओझ्याने लहान गाडीचं पेट्रोल सुमारे एक टक्का जास्त जातं. हे थोडं वाटतं खरं, पण ते रोज, वर्षभर जातं. टपावरचं कॅरिअर तर रिकामं असलं तरी हवा अडवतं. लग्नसराई संपली की ते काढून घरात ठेवावं. स्टेपनी, जॅक, पान्हा आणि प्रथमोपचाराची पेटी तेवढी गाडीतच राहू द्या.

वैशाखातला ए.सी.

आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. "ए.सी. लावू नका, पेट्रोल जातं," असं म्हणणाऱ्याला दुपारी दोन वाजता वर्धेच्या रस्त्यावर एक फेरी मारून आणावं! म्हातारी माणसं, तान्ही बाळं बरोबर असली तर ए.सी. ही चैन नव्हे. पण तो वापरायचीही एक रीत आहे.

गाडी शक्यतो कडुनिंबाच्या सावलीत उभी करावी, नाहीतर काचेला आतून पडदा लावावा. निघताना आधी सगळ्या काचा उघडून मिनिट-दोन मिनिटं गाडी चालवावी, म्हणजे आतला भट्टीसारखा वारा बाहेर पडतो. मग काचा लावून ए.सी. सुरू करावा. गाव जवळ आलं, सावकाश चाललं आहे, संध्याकाळ आहे, तर ए.सी. बंद करून काचा उघडाव्यात. मोठ्या रस्त्यावर वेगात मात्र उघड्या काचांतून शिरणारा वारा गाडीला मागे ओढतो, तिथे काचा बंद ठेवलेल्या बऱ्या. वहीत मे महिन्याचा आकडा जानेवारीपेक्षा खाली येणारच, त्यासाठी कुणाला बोल लावू नये.

दहाची कोथिंबीर

हा मुद्दा खास आपल्या अधिकारातला आहे. १५ चं ॲव्हरेज असेल तर एका किलोमीटरला साधारण पावणेसात रुपये पडतात. बाजार दोन किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन चार किलोमीटर, म्हणजे सत्तावीस रुपये झाले. दहा रुपयांची कोथिंबीर आणायला सत्तावीस रुपयांचं पेट्रोल! आणि खरा खर्च याहूनही जास्त. गार इंजिनाला सुरुवातीला जास्त पेट्रोल लागतं. ते नीट तापायच्या आत आपण बाजारात पोचलेलो असतो, परत येईपर्यंत ते पुन्हा गार होत आलेलं असतं.

म्हणून फ्रिजवर एक कागद लावा. दळण, बँक, औषधं, शिंप्याकडचा ब्लाउज, शाळेची वह्या-पुस्तकं, जे आठवेल ते लिहीत जायचं आणि आठवड्यात दोनच फेऱ्यांत सगळं उरकायचं. जवळची कामं पायी नाहीतर सायकलवर. एकटीलाच आर्वीला नाहीतर वर्ध्याला जायचं असेल तर एस.टी. आहेच. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना निम्मं तिकीट आहे. एका माणसासाठी गाडी काढण्यापेक्षा ते किती स्वस्त पडतं, ते एकदा वहीत मांडून बघा.

शाळेसमोर, दवाखान्यासमोर गाडी चालू ठेवून वाट बघत बसायची सवयही सोडायला हवी. उभ्या गाडीचं लहान इंजिन तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल पितं, ए.सी. चालू असला की जास्त. उभ्या गाडीचं ॲव्हरेज शून्य! अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचं असेल, फाटक लागलं असेल, तर इंजिन बंद करावं. आजच्या गाडीला पुन्हा सुरू व्हायला वेगळं पेट्रोल फारसं लागत नाही. सकाळी गाडी 'गरम करण्यासाठी' दहा मिनिटं दारात घुरघुरत ठेवायचीही गरज नाही. सुरू करून अर्ध्या मिनिटाने सावकाश निघालं, की चालता चालता ती आपोआप तापते.

पोळ्याची खांदमळणी आणि गाडीची सर्व्हिसिंग

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळतात. वर्षभर ओझं ओढणाऱ्या जिवाचा तो मान असतो. गाडीलाही सेवा वेळेवर हवी. पुस्तिकेत लिहिलेल्या मापाचंच इंजिन ऑइल घालावं. चुकीच्या घट्टपणाच्या तेलाने इंजिनाला विनाकारण जोर पडतो. हवेची जाळी, म्हणजे एअर फिल्टर, आमच्याकडच्या काळ्या मातीच्या धुळीने लवकर भरते. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत त्याने पेट्रोल खूप जायचं. नव्या गाड्यांत पेट्रोलपेक्षा ओढ जास्त कमी होते, पण साफ ठेवणं दोन्हीकडे बरं. ब्रेक चिकटून तर राहत नाहीत ना, चाकांची अलाइनमेंट बरोबर आहे ना, हेही विचारावं. गाडी सपाट रस्त्यावर एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एकाच कडेने झिजला असेल, तर ते आपल्या डोळ्यांनाही दिसतं.

सध्या आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. २०२५ पासून बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल आपल्या ऊस, मका, तांदळापासून होतं. पण एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं होतं, की या मिश्रणासाठी न बनवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी, तर त्यासाठी बनवलेल्यांचं एक-दोन टक्क्यांनी घटू शकतं. तेव्हा गाडी जुनी असेल आणि आकडा थोडा खाली आला असेल, तर लगेच मेकॅनिककडे पैसे ओतू नका. जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या मात्र सर्व्हिसिंगच्या वेळी आठवणीने बघायला सांगा.

जादूच्या डब्या

जिथे महागाई तिथे जादूगार. पेट्रोलच्या नळीवर बसवायचं चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, चार्जरच्या खाचेत लावायची लुकलुकणारी डबी, "तीस टक्के बचत!" अशा वस्तू विकायला येतात. आपल्याकडे आता वही आहे. विकणाऱ्याला म्हणावं, महिनाभर लावून बघू, वहीतला आकडा वाढला तर पैसे देऊ. तो पुन्हा फिरकायचा नाही.

सकाळच्या गारव्यात भरलं तर पेट्रोल जास्त मिळतं, हाही असाच समज. पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीत महागडं 'प्रीमियम' भरूनही सहसा फरक पडत नाही. त्यापेक्षा भरताना मीटर शून्यावर आहे ना ते बघावं. मापाबद्दल शंका आली तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं, ते मागून मोजून घ्यायचा ग्राहकाला हक्क आहे. दूधवाल्याचं माप आपण तपासतोच ना?

आणि हो, स्कूटर चालवणाऱ्या मैत्रिणींनाही हे सगळं लागू आहे. हवा, वेग, ऑइल, आणि एकाच फेरीत चार कामं. ब्रेकवर बोटं दाबून ठेवायची सवय तेवढी सोडा.

सांगायचं कसं?

खरी मेख इथेच आहे. शेजारच्या सीटवर बसून "हळू चालवा, ब्रेक मारू नका" असा घोषा लावला, तर पेट्रोल वाचायच्या आधी भांडण पेटेल. म्हणून बोलायचं काम वहीवर सोपवावं. पहिले दोन महिने काही न बोलता फक्त लिहायचं. तिसऱ्या महिन्यात टायरची हवा ठीक करायची, डिकी रिकामी करायची आणि आकडा दाखवायचा. एखाद-दीड किलोमीटर वाढलेला दिसला की पुरुषमाणसालाही चुरस वाटते. "पुढच्या वेळी बघ, अठरा काढतो!" असं त्यांनी म्हटलं, की अर्धं काम झालं. मुलांनाही सामील करून घ्यावं. माझ्या वर्गातल्या मुलांना सरासरी शिकवताना हेच गणित घालते. पुस्तकातल्या रेल्वेपेक्षा घरच्या गाडीचं गणित त्यांना चटकन समजतं.

जमलं तर स्वतः गाडी शिकाच. रात्री-अपरात्री दवाखान्यात जायची वेळ येते तेव्हा "चालवणारं कुणी नाही" म्हणून खोळंबायला नको. आणि जी बाई गॅसची ज्योत वेळेवर बारीक करते, तिचा पाय ॲक्सिलरेटरवरही हलकाच पडेल.

शेवटचं सांगते. वाचलेले पैसे वाचले म्हणून सोडून देऊ नका. नाहीतर ते कुठल्या कुठे मुरतील. मागच्या वर्षीच्या सरासरीने किती लागले असते आणि खरे किती लागले, तो फरक महिनाअखेर वेगळ्या डब्यात किंवा पोस्टाच्या खात्यात टाका. त्या डब्यावर नाव लिहा, मुलीचा क्लास, आईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन, नाहीतर तुमचं ड्रायव्हिंग शिकणं, जे अडलं असेल ते.

फ्रिजवर लावायला

• टाकी नेहमी नळी आपोआप बंद होईपर्यंतच भरा. किलोमीटर, लिटर, रुपये लगेच लिहा.
• दर पंधरा दिवसांनी थंड टायरची हवा, दाराच्या चौकटीवरच्या आकड्याप्रमाणे.
• मोठ्या रस्त्यावर ८० च्या आत, डाव्या लेनमधून. दहा मिनिटं आधी निघा.
• पुढे थांबायचं दिसलं की आधीच पाय काढा. उतारावर न्यूट्रल कधीच नाही.
• अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचं तर इंजिन बंद.
• कामांची यादी करून आठवड्यात दोन फेऱ्या.
• डिकी महिन्यातून एकदा रिकामी, टपावरचं कॅरिअर गरजेपुरतंच.
• उन्हात तापलेली गाडी आधी काचा उघडून, मग ए.सी.
• सर्व्हिसिंगची तारीख कॅलेंडरवर, सिलिंडरच्या तारखेशेजारी.